वसईच्या फलाटावरची शिक्षा

चारकोपमध्ये रात्री उशिरा एखादी मोटरसायकल सायलेन्सर फोडत सेक्टरच्या आतल्या रस्त्यावरून गेली, की पटापट खिडक्या उघडतात आणि कुणी ना कुणी म्हणतेच, 'आत टाका एकेकाला!' हा राग खरा आहे. जागतिक बँकेच्या मदतीने १९८०च्या दशकात उभी राहिलेली ही वसाहत. छोटे भूखंड, त्यांच्या सोसायट्या, मध्ये सामाईक चौक आणि भोवती अरुंद गल्ल्या. मुले याच गल्ल्यांत क्रिकेट खेळतात, म्हातारी माणसे जेवणानंतर इथेच शतपावली घालतात. अशा ठिकाणी कुणी पुढचे चाक हवेत उचलून गाडी पळवत असेल, तर त्याला हौस म्हणून माफ करता येत नाही.

पण 'आत टाका' हे त्यावरचे उत्तर आहे का? चारकोपचा माणूस कांदिवली किंवा बोरिवली स्टेशनला जाऊन ज्या पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये चढतो, त्याच मार्गावर वसईला एका न्यायालयाने २०१८ साली याचे वेगळे उत्तर दिले होते. त्याची आठवण आज कुणी फारशी काढत नाही.

त्या वर्षी 'किकी चॅलेंज' नावाचे खूळ जगभर पसरले होते. चालत्या गाडीतून उतरायचे, गाडीच्या बाजूने नाचत जायचे आणि पुन्हा चढायचे. विरारकडच्या तीन तरुणांनी हाच प्रकार लोकलसोबत केला. गाडी सुटलेली, एक जण फलाटावर उतरून नाचतो आहे आणि दुसरा डब्यातून चित्रण करतो आहे. चित्रफीत लाखोंनी पाहिली. रेल्वे सुरक्षा दलाने तिघांना शोधून काढले आणि वसईच्या रेल्वे न्यायालयासमोर उभे केले. न्यायालयाने त्यांना तुरुंगात पाठवले नाही, दंड घेऊन सोडलेही नाही. वसई रोड स्थानकाचा फलाट तीन दिवस झाडायचा आणि असले धाडस किती घातक असते ते प्रवाशांना सांगायचे, असा आदेश झाला. ज्या लोकांसमोर आपण नायक ठरू असे त्यांना वाटले होते, त्याच लोकांच्या पायांखालचा कचरा त्यांनी दिवसाढवळ्या उचलला.

ही शिक्षा सौम्य होती, असे तेव्हा अनेकांना वाटले. प्रत्यक्षात ती नेमकी होती. गुन्हा फलाटावर झाला आणि शिक्षाही फलाटावरच झाली. गुन्ह्यात गर्दीला प्रेक्षक केले होते, शिक्षेतही गर्दी प्रेक्षक झाली. तरुणांची नोकरी किंवा शिक्षण तुटले नाही आणि आपण काय केले याचा विसर पडण्याची सोयही उरली नाही.

अशी शिक्षा आपल्या कायद्यात सहज बसते का? इथेच गाडे अडते. रेल्वे कायदा १९८९ सालचा. त्याच्या कलम १५६नुसार टपावर, पायरीवर किंवा इंजिनावर प्रवास करणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड. रस्त्यावर बेदरकारपणे गाडी चालवणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणाऱ्याला कलम १२५ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा अडीच हजारांपर्यंत दंड. मोटार वाहन कायद्यातही २०१९च्या दुरुस्तीनंतर धोकादायक वाहन चालवण्यासाठी पहिल्या वेळी सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा एक ते पाच हजार रुपये दंड अशी तरतूद आहे. सगळीकडे मोजमाप एकच, कोठडी नाहीतर नोट. ज्याची मोटरसायकल दोन लाखांची आहे, त्याला हजार रुपयांचे काय वाटणार? आणि एकोणीस वर्षांच्या मुलाला सहा महिने आत ठेवले, तर तो बाहेर येईल तेव्हा काय होऊन येईल?

या प्रश्नाला आपल्याच कायद्याने १९५८ साली उत्तर दिलेले आहे. अपराधी परिवीक्षा अधिनियमाचे कलम ६ सांगते, की एकवीस वर्षांखालच्या गुन्हेगाराला तुरुंगाऐवजी परिवीक्षेवर सोडणे का योग्य नाही, हे पटल्याशिवाय न्यायालयाने त्याला कैदेत पाठवू नये आणि पाठवलेच तर कारणे लिहून ठेवावीत. कच्च्या वयाच्या पोराला मुरलेल्या गुन्हेगारांच्या बराकीत ठेवले तर तो सुधारत नाही, हे त्या काळच्या लोकप्रतिनिधींना कळले होते. आर्थर रोड तुरुंगाची क्षमता आठशेच्या आसपास असताना २०२० साली करोनाच्या साथीत तिथे अडीच हजारांहून जास्त माणसे कोंडलेली होती. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२च्या अहवालाप्रमाणे देशातल्या दर चार कैद्यांपैकी तिघे कच्चे कैदी होते, म्हणजे खटल्याचा निकाल अजून लागायचा होता. अशा जागी एका रीलसाठी मूर्खपणा केलेल्या मुलाला ढकलून समाजाच्या हाती काय येणार आहे?

तुरुंगाच्या धाकाने अशी माणसे थांबतात, यावरही विश्वास ठेवणे कठीण आहे. लंडनच्या 'शार्ड' या गगनचुंबी इमारतीवर २०१९ साली एकोणीस वर्षांचा तरुण दोराशिवाय चढला. न्यायालयाचा मनाई हुकूम मोडला म्हणून त्याला सहा महिन्यांची कैद झाली. २०२१ साली तो लंडनमधल्याच दुसऱ्या उंच इमारतीवर तसाच चढला. त्याच्या कितीतरी आधी, ७ ऑगस्ट १९७४ रोजी, फिलीप पती या फ्रेंच माणसाने न्यूयॉर्कच्या जुळ्या मनोऱ्यांमध्ये तार बांधून त्यावर चालून दाखवले. त्याच्यावरचे आरोप एका अटीवर मागे घेतले गेले, शहरातल्या मुलांसाठी त्याने बागेत फुकट कार्यक्रम करायचा. दोन्ही शहरांना कायदा तितकाच प्रिय होता.

मुंबईत तर आणखी एक अडचण आहे. लोकलच्या दारात लटकणारा प्रत्येक जण स्टंटबाज नसतो. ९ जून २०२५च्या सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर दारात लटकलेले प्रवासी गाडीतून खाली पडले आणि त्यातल्या काहींचा जीव गेला. ती माणसे कामावर निघाली होती. आत पाय ठेवायला जागा नव्हती म्हणून ती दारात होती. कलम १५६ची भाषा या दोघांत फरक करत नाही. खांबाला हात लावून दाखवणारा पोरगा आणि नऊ सत्तावन्नची गाडी चुकली तर पगार कापला जाईल या भीतीने पायरीवर उभा राहिलेला कारकून, दोघेही त्या कलमात सारखेच सापडतात. तेव्हा 'सगळ्यांना आत टाका' हे वाक्य उच्चारण्याआधी कोण आत जाईल याचा विचार करावा. ज्याच्याकडे वकील नाही आणि जामिनाला माणूस नाही, तो जाईल.

स्टंट करणाऱ्यांना शिक्षा झालीच पाहिजे, यात शंका नाही. मार्च २०२४ मध्ये हार्बर मार्गावर शिवडीला एका तरुणाने सुटलेल्या लोकलच्या दाराला लटकून फलाटावर पाय घासत नेले. चित्रफीत जुलैमध्ये पसरली. रेल्वे सुरक्षा दलाचे जवान त्याचा माग काढत वडाळ्याजवळच्या त्याच्या घरी पोहोचले, तेव्हा त्याला एक हात आणि एक पाय नव्हता. मधल्या काळात, एप्रिलमध्ये, मशीद स्थानकावर त्याने पुन्हा तसलाच प्रकार केला होता. अटक करायला गेलेल्या जवानांसमोर जे होते त्याला कुठल्या कलमाने आणखी काय शिक्षा द्यायची? पुढे त्यानेच इतर तरुणांना असे करू नका म्हणून विनवले. शिवडीच्या फलाटावर त्याच दिवशी त्याला कुणी पकडून तीन दिवस तिथेच कामाला लावले असते, तर मशीदला जे झाले ते कदाचित टळले असते. लवकर पकडले जाण्याची खात्री वाटली पाहिजे, ती शिक्षेच्या वर्षांपेक्षा जास्त काम करते.

तुरुंग योग्य कुठे ठरतो? जिथे दुसऱ्याच्या देहाची किंमत मोजली गेली, तिथे. नोव्हेंबर २००६ मध्ये वांद्र्याच्या कार्टर रोडवर एका भरधाव मोटारीने पदपथावर झोपलेल्या मजुरांपैकी सात जणांना चिरडले. सत्र न्यायालयाने चालकाला सहा महिन्यांची शिक्षा दिली. उच्च न्यायालयाने ती तीन वर्षांची केली आणि जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. सात जीवांपुढे तीन वर्षेही फार नव्हेत. तसेच १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाने चालवलेल्या आलिशान मोटारीखाली दोन तरुण अभियंते गेले. काही तासांत जामीन देताना बाल न्याय मंडळाने रस्ते अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितले, तेव्हा सारा महाराष्ट्र संतापला आणि तो संताप रास्त होता. मरण पावलेल्यांच्या घरांसाठी त्या निबंधात काहीही नव्हते. ती अट कागदावरच्या एका संध्याकाळची होती, वसईची शिक्षा लोकांसमोर घाम गाळण्याची होती. दोन्हींना 'सौम्य' या एका शब्दात बसवणे चूक आहे.

म्हणून प्रश्न धाडसाचा नाही, ते कुणाच्या जिवावर केले याचा आहे. धोका पत्करणे हा महाराष्ट्रात कधीच गुन्हा नव्हता. जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने २०१२ साली ठाण्यात नऊ थरांचा ४३.७९ फुटांचा मनोरा रचला आणि गिनेस बुकात नाव नोंदवले, तेव्हा त्या थरांखाली शेकडो हात आधाराला होते आणि महिनोन्महिन्यांचा सराव होता. २०२२ साली राज्य सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा देऊन गोविंदांसाठी विम्याची सोय केली. पडणारा गोविंदा आपल्या माणसांच्या खांद्यावर पडतो. लिंक रोडवर चाक उचलणाऱ्याची गाडी घसरली, तर ती रात्रपाळी संपवून सायकलवरून घरी निघालेल्या माणसावर जाते, आणि त्या माणसाला कुणी विचारलेले नसते.

दुसरे म्हणजे, गुन्हा एकट्याचा नसतो. जून २०२४ मध्ये छत्रपती संभाजीनगरजवळ सुलीभंजनच्या दत्तधाम परिसरात तेवीस वर्षांची मुलगी मोटार चालवून पाहत होती आणि मित्र मोबाईलवर चित्रण करत होता. गाडी मागे गेली आणि दरीत कोसळली. मुलगी गेली. त्याच महिन्यात पुण्याजवळ जांभूळवाडीत एक मुलगी पडक्या इमारतीच्या कठड्यावरून एका हातावर लटकली, तिचा हात धरणारा वर पडून होता आणि चित्रण करणारे दुसरेच होते. मोबाईल धरणाराही त्या कृत्याचा भागीदार आहे. शिक्षा देताना त्यालाही त्याच फलाटावर उभे केले पाहिजे.

आता कायद्याकडे वळू. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने प्रथमच 'सामाजिक सेवा' ही शिक्षा म्हणून मान्य केली. जुन्या दंडसंहितेत ती नव्हती. पण ती मोजक्या सहा गुन्ह्यांनाच लावता येते. पाच हजारांपेक्षा कमी किमतीची पहिली चोरी करून माल परत देणाऱ्याला ती मिळते. दारू पिऊन सार्वजनिक जागी गोंधळ घालणाऱ्याला मिळते. बदनामी करणाऱ्यालाही मिळते. कलम २८१ आणि कलम १२५ मात्र त्या यादीत नाहीत. शिवाय बाल न्याय कायद्याच्या कलम १८ खाली सतरा वर्षांच्या मुलाला समाजसेवा करायला लावता येते, आणि अठरा पूर्ण झालेल्या मुलासाठी बेदरकारपणाच्या गुन्ह्यात तो मार्ग बंद होतो. ज्या गुन्ह्याला ही शिक्षा सर्वांत शोभते, तोच वगळला गेला आहे.

मग ही सेवा कशी असावी? फलाटावर कुणी पडले की स्ट्रेचर घेऊन धावतात ते स्थानकावरचे हमाल. जखमींना शताब्दी किंवा भगवतीसारख्या पालिकेच्या रुग्णालयांत सांभाळतात त्या परिचारिका आणि वॉर्डबॉय. बेदरकारपणे गाडी उडवणाऱ्याने या माणसांबरोबर महिनाभर, दर शनिवार-रविवार, काम करावे. सोबत त्याचा वाहन परवाना काही काळ निलंबित व्हावा आणि गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात उभी राहावी. कुणाला इजा झाली किंवा तोच माणूस दुसऱ्यांदा सापडला, तर मात्र तुरुंग. ही मागणी अवघड नाही.

फौजदारी कायदा राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत येतो. महाराष्ट्राचे विधिमंडळ कलम २८१ आणि कलम १२५ मध्ये सामाजिक सेवेची शिक्षा जोडणारी दुरुस्ती राष्ट्रपतींच्या संमतीने करू शकते. चारकोप हा स्वतंत्र विधानसभा मतदारसंघ आहे. रात्री खिडकी उघडून 'आत टाका' म्हणणाऱ्या इथल्या मतदारांनी आपल्या आमदाराला पत्र लिहून ही दुरुस्ती पुढच्या अधिवेशनात मांडायला सांगावी.