उपग्रहाची साक्ष

जानेवारी २०१६ मध्ये देवनारच्या क्षेपणभूमीला आग लागली, तेव्हा तिच्या धुराचा लोट नासाच्या उपग्रहचित्रांत उमटला आणि ती चित्रे जगभर गेली. गोवंडी-शिवाजीनगरच्या रहिवाशांना त्या चित्रांची गरज नव्हती. धूर त्यांच्या घरांत शिरला होता. परंतु कचऱ्याच्या अशा आगींना इंधन पुरविणारा मिथेन वायू डोळ्यांना दिसत नाही. कुजणाऱ्या कचऱ्यातून, कोळशाच्या खाणींतून, तेल व वायूच्या नळांतून तो अहोरात्र निसटतो, आणि वीस वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशी पटींहून अधिक उष्णता कोंडतो.

हा अदृश्य वायू आता उपग्रहांना दिसू लागला आहे. २०१७ साली सोडलेला युरोपचा सेंटिनेल-५पी उपग्रह दररोज जवळजवळ सगळी पृथ्वी न्याहाळतो. त्याने दाखविलेली ठिकाणे अधिक बारीक नजरेच्या उपग्रहांनी तपासली. ब्युनोस आयर्स, दिल्ली, लाहोर व मुंबई येथील क्षेपणभूमींतून ताशी ३ ते २९ टन मिथेन बाहेर पडत असल्याचे २०२२ च्या अभ्यासात आढळले. या शहरांचे उत्सर्जन कागदोपत्री अंदाजांच्या १.४ ते २.६ पट निघाले. कागद खोटे बोलत होते असे आम्ही म्हणत नाही. पण ते अपुरे होते, आणि अपुरा कागद सत्ताधाऱ्यांना नेहमीच सोयीचा असतो.

२०३० पर्यंत मिथेन तीस टक्क्यांनी घटविण्याच्या २०२१ च्या जागतिक प्रतिज्ञेवर भारताने सही केली नाही. भातखाचरे आणि गुरेढोरे यांच्यावर जगणाऱ्या शेतकऱ्यावर हा बोजा पडू नये, ही भूमिका आम्हांस रास्त वाटते. पोट भरण्यासाठी सुटणारा वायू आणि नफेखोरीच्या निष्काळजीपणातून सुटणारा वायू एका तराजूत तोलता येत नाहीत. मात्र शेतकऱ्याच्या बैलाआड खाण आणि क्षेपणभूमी लपविता येणार नाहीत. उपग्रह हा फरक दाखवितो : शेतातला वायू विखुरलेला असतो, गळतीचा लोट एका जागेवर बोट ठेवून दाखविता येतो.

पण साक्ष मिळाली म्हणजे न्याय मिळाला असे नव्हे. संयुक्त राष्ट्रांची यंत्रणा मोठ्या गळत्यांच्या सूचना सरकारांना व कंपन्यांना धाडते. २०२४ च्या अहवालानुसार त्यांतील अवघ्या एक टक्का सूचनांना उत्तर मिळाले होते, २०२५ मध्ये ते प्रमाण बारा टक्क्यांवर गेले. अल्जीरियातील हासी मसऊद येथे १९९९ पासून वाहणारी गळती अशा सूचनेनंतर २०२४ मध्ये थांबली. पाव शतक!

शिवाय हा डोळा कोणाचा, हेही विचारले पाहिजे. बारीक नजरेचे काही उपग्रह खाजगी कंपन्यांचे असून त्यांची माहिती विकत मिळते. प्रामुख्याने देणग्यांतून उभारलेला मिथेनसॅट मार्च २०२४ मध्ये अवकाशात गेला आणि जून २०२५ मध्ये संपर्क तुटून निकामी झाला. धनिकांच्या औदार्यावर पृथ्वीची राखण सोपविता येणार नाही. मंगळावरचा मिथेन शोधण्यासाठी २०१३ साली उपकरण धाडणाऱ्या इस्रोने देवनार, कांजूरमार्ग आणि देशातील कोळसाखाणी यांच्यावरील नोंदी नियमाने घ्याव्यात, आणि महापालिकेने त्या दरमहा मराठी, हिंदी व उर्दूत वॉर्ड कार्यालयाच्या फलकावर लावाव्यात. कचरावेचकांच्या आणि सफाई कामगारांच्या संघटनांनी ही मागणी आजच पुढे रेटावी.