शेतकीचा कार्यक्रम आणि त्याचे निवेदक

आकाशवाणीवरील शेतकीचा कार्यक्रम ज्यानें कधीं ऐकलाच नाहीं असा बागाईतदार आपल्या खानदेशांत विरळाच. आकाशवाणीनें १९६६ सालीं शेती व घर असा स्वतंत्र विभाग काढला आणि २००४ सालीं किसानवाणी सुरू केली. मृगबागेवर करपा दिसूं लागला तर काय फवारावें, कपाशींत कामगंध सापळे केव्हां लावावेत, हें शास्त्रज्ञाच्या तोंडून काढून घेऊन आपणांस समजेल अशा भाषेंत सांगणारा निवेदक मात्र पडद्याआडच राहतो. त्याच्या स्थितीचा विचार कोणी केल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं.

यांतील पुष्कळ निवेदक नैमित्तिक असतात. त्यांस महिन्यास सहांहून अधिक पाळ्या देऊं नयेत असा दंडक आहे. बढती नाहीं, निवृत्तिवेतन नाहीं. आवाज घरोघरीं पोंचलेला आणि प्रपंच दुसऱ्याच उद्योगावर चाललेला. जे कायम आहेत, त्यांतही ज्या पदावर लागले त्याच पदावर केंस पिकलेले अनेक. प्रसार भारतीचा कायदा १९९० सालीं झाला, महामंडळ १९९७ च्या नोव्हेंबरांत अस्तित्वांत आलें, आणि नोकरभरतीचें मंडळ बसलें तें २०२० सालीं! आम्हीं महसूल खात्यांत कारकुनी केली आहे. अव्वल कारकून होण्यास किती पावसाळे जातात हें आम्हांस ठाऊक आहे. पण तेथें ज्येष्ठतेची यादी तरी असे, आणि आपला क्रमांक बोटांवर मोजतां येई. नैमित्तिकास यादीच नाहीं.

आतां त्यांत मोबाइलची भर पडली. न्यूजऑनएअर ॲपवर दूरचीं केंद्रेंही ऐकूं येतात. २०२४ च्या नोव्हेंबरांत प्रसार भारतीनें वेव्हज हें नवें ॲप काढलें. नव्या साधनाचें आम्हांस वावडें नाहीं. परंतु यूट्यूबवर औषधाची बाटली विकणाराच पुष्कळदां सल्लागार होऊन बसतो. आकाशवाणीचा निवेदक आपणांस कांहींच विकीत नाहीं, हा त्याचा गुण लहान नव्हे.

आवाज कोठूनही ऐकूं येतो, मग तो एकाच ठिकाणाहून कां पाठवूं नये, असा हिशेब वरिष्ठ मांडूं लागले आहेत. २०२३ च्या जूनमध्यें पुण्याचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून बातमीपत्र छत्रपती संभाजीनगरास हलविण्याचा हुकूम निघाला. ओरड झाली तेव्हां तो थांबला. पुण्यास ओरडणारे पुष्कळ. जळगावकरितां कोण ओरडणार? केळीचे भाव मुंबईस बसूनही वाचतां येतील. पण रावेर-यावलच्या शेतकऱ्यास त्याच्या लेवा बोलींत किंवा साक्रीच्या शेतकऱ्यास अहिराणींत बोलतें करणें मुंबईच्या माणसास साधणार नाहीं. तें ज्यांस साधतें, त्यांस आपण सहा पाळ्यांवर ठेविलें आहे.

म्हणून आमची सूचना अशी कीं, आपल्या संघानें पुढील सभेंत ठराव करावा. केंद्राची इमारत राखा एवढेंच त्यांत मागूं नये. नव्या ॲपवर पीकवार कार्यक्रम करण्याचें काम याच अनुभवी निवेदकांस द्यावें, तें वार्षिक कराराचें व पोटापुरत्या मोबदल्याचें असावें, असें स्पष्ट लिहावें. प्रत प्रसार भारतीस आणि जळगाव, रावेर व धुळें येथील खासदारांस धाडावी. सही करतांना प्रत्येकानें गांव, तालुका आणि आपलें पीक लिहावें. नुसत्या सह्यांचा कागद कचेरींत कोणत्या फडताळांत जातो हें आम्हांस चांगलें माहीत आहे.