पेंढ्याचे मोल

भाताची कापणी झाली की पंजाब-हरियाणातील शेतकऱ्यापुढे गव्हाच्या पेरणीसाठी जेमतेम दोन-तीन आठवडे उरतात. शेतातला पेंढा हलवायला वेळ नसतो आणि त्याला पुरेसा भावही नसतो. म्हणून अनेक ठिकाणी तो पेटवला जातो. त्या धुराबद्दल शेतकऱ्याला दोष देणे सोपे आहे. परंतु पेंढ्याला मोल आल्याशिवाय ही आग विझणार नाही, असे माझे मत आहे.

हे मोल कसे आणावे, याचा धडा गोठ्यात मिळतो. गाय पेंढा खाते. पण त्यातील सेल्युलोज पचविणारी विकरे तिच्या शरीरात तयार होत नाहीत. ते काम तिच्या जठराच्या पहिल्या कप्प्यातील, म्हणजे रुमेनमधील, जिवाणू, आदिजीव आणि कवके करतात. सुमारे ३९ अंश सेल्सिअस तापमानात, प्राणवायूवाचून, ते सेल्युलोजचे किण्वन करून मुख्यतः ॲसिटिक, प्रोपिओनिक आणि ब्युटिरिक ही आम्ले बनवितात. गाईला लागणारी बरीचशी ऊर्जा याच आम्लांतून मिळते. अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट हंगेट यांनी या सूक्ष्मजीवांचा पायाभूत अभ्यास केला. त्यावरील त्यांचा ग्रंथ १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला.

असे सूक्ष्मजीव बंद टाकीत वाढवून पिकांच्या अवशेषांपासून आम्ले मिळविता येतात, हे प्रयोगांनी दाखविले आहे. ॲसिटिक आम्ल रसायन उद्योगाला लागते, प्रोपिओनिक आम्ल पावाला बुरशीपासून वाचविते, तर ब्युटिरिक आम्लापासून स्वाद देणारी द्रव्ये बनतात.

अडचणीही आहेत. लिग्निनचे कठीण आवरण सूक्ष्मजीवांना सहजी भेदता येत नाही. आम्ल साचले की त्यांचे काम मंदावते. गाय आम्ले रक्तात शोषून घेते आणि लाळेने आम्लता सौम्य करते. टाकीत ही व्यवस्था आपल्याला करावी लागते. शिवाय पाण्यातून आम्ले वेगळी काढणे खर्चाचे असते. तरीही, या अडचणी संशोधन वाढविण्याचे कारण ठराव्यात, ते सोडण्याचे नव्हे.

मात्र एक मर्यादा पाळलीच पाहिजे. दख्खनमध्ये ज्वारीचा कडबा हा गुरांचा घास आहे. दुष्काळात तर तो धान्याइतकाच मोलाचा ठरतो. तो कारखान्याने पळवू नये. जे जाळले जाते, तेच टाकीत जावे. पेंढा वजनाला हलका पण जागा फार व्यापणारा असतो. त्यामुळे असे कारखाने गावांजवळ हवेत आणि पेंढ्याचा रास्त दाम शेतकऱ्याच्या हाती पडला पाहिजे. तसे झाले, तरच तो काडी ओढण्यापूर्वी थांबेल.