ढग आला, मोटार हळू झाली

आमच्या वरवट बकालला हिवाळ्यात हरभऱ्याच्या वावरांत तुषार सिंचनाचे फवारे गरगर फिरत असतात. उत्तरेला सातपुडा आणि इकडे काळ्या जमिनीवर पाण्याच्या छत्र्या. बघायला मोठी मजा वाटते. पण हे पाणी द्यायला लोकांना कित्येक वर्षं रात्री जावं लागे, कारण शेतीची थ्री फेज लाईन पाळीने येई, कधी दिवसा तर कधी रात्री. माझ्या वर्गातला चौथीचा एक मुलगा रात्रपाळीच्या आठवड्यात पहिल्याच तासाला पेंगायचा. एकदा मी रागावलो. मग कळलं, रात्री दोन वाजता त्याचे बाबा पाईप बदलायचे आणि हा शेजारी बॅटरी धरून उभा राहायचा, साप-विंचू दिसावा म्हणून. पुन्हा मी त्याला पेंगण्यावरून बोललो नाही.

गेल्या वर्षी त्यांच्या वावरात सौर पंप बसला. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' ही योजना राज्यात २०२४ साली आली, त्यातला. पाच हॉर्सपॉवरचा पंप आणि जवळजवळ पाच हजार वॉटच्या पाट्या. आता स्वारी वर्गात जागी असते आणि मला भंडावून सोडते! परवा म्हणाला, "सर, पहिले लाईन गेली का मोटार खटकन बंद पडे. आता ढग आला का बंद नाही पडत, हळूहळू होते, अन् आवाजही बदलते. काहून?"

प्रश्न मोठा छान आहे. पण उत्तराआधी एक खेळ खेळू या.

आंधळी कोशिंबीर तुम्हाला ठाऊक आहेच. ज्याच्यावर राज्य आहे त्याच्या भोवती तिघांना सारख्या अंतरावर उभं करा. तिघांनी ओळीने टाळ्या वाजवायच्या, पहिला, दुसरा, तिसरा, पुन्हा पहिला. मधल्याने टाळीकडे तोंड वळवायचं. काय होतं? तो स्वतःभोवती गरगर फिरू लागतो. थ्री फेज मोटारीच्या पोटात हेच चालतं. तिथे तारांची तीन वेटोळी असतात आणि त्यांच्यात वीज ओळीने चढते-उतरते, सेकंदाला पन्नास वेळा. मधला लोखंडी गाभा त्या चुंबकाच्या 'टाळीमागे' फिरत राहतो. आता दोघांनीच समोरासमोर उभं राहून टाळ्या वाजवा. मधला गोंधळतो, डावीकडून वळू की उजवीकडून? घरच्या सिंगल फेज मोटारीचंही असंच होतं, म्हणून तिला सुरुवातीचा धक्का द्यायला कंडेन्सर लावतात. आणि तिघांपैकी दोघांनी जागा बदलल्या तर? मधला उलटा फिरेल. तुमच्या बाबांना विचारा, मोटार उलटी फिरली की ते तीनपैकी दोन वायरींची अदलाबदल करतात.

अडचण अशी की सौर पाट्यांना या टाळ्या वाजवता येत नाहीत. त्यांची वीज बॅटरीच्या सेलसारखी एकाच दिशेने वाहते. तिला थ्री फेजच्या तालावर आणायचं काम पाट्यांखालच्या खांबावर लावलेला डबा करतो. त्याला इन्व्हर्टर म्हणतात. सौर पंपवाले त्याला 'कंट्रोलर' म्हणतात.

या डब्यात मुख्य असतात सहा बटणं. हाताने दाबायची नव्हेत, अर्धवाहकाची. वर्गात मी सहा मुलांच्या तीन जोड्या केल्या. प्रत्येक जोडीत एक 'वरचा', एक 'खालचा'. मी एक ते सहा आकडे पुन्हा पुन्हा म्हणायचे. पहिल्या जोडीतल्या वरच्याने १, २, ३ ला हात वर धरायचा आणि खालच्याने ४, ५, ६ ला. दुसऱ्या जोडीचा वरचा ३, ४, ५ ला. तिसऱ्या जोडीचा ५, ६ आणि पुन्हा १ ला. उरलेल्या आकड्यांना त्यांचे खालचे. जमलं की झाली थ्री फेज! नियम एकच, जोडीतल्या दोघांचे हात एकदम वर दिसता कामा नयेत. डब्यात तसं झालं तर पाटीची अधिक बाजू थेट उणे बाजूला भिडेल आणि बटणं जळतील. म्हणून एकाचा हात खाली गेल्यावर दुसऱ्याचा वर येईपर्यंत एक बारीकशी फट ठेवतात, सेकंदाच्या लाखाव्या भागाच्या आसपासची. आमच्या वर्गात मात्र तिसऱ्याच फेरीत दोन हात एकदम वर आले आणि सगळे "फट्ट!" म्हणून ओरडले.

खऱ्या डब्यात बटणं सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करतात. नळाची चावी भराभर उघडून बंद केली आणि उघडी ठेवायचा वेळ हळूहळू वाढवत नेला, तर बादलीत पडणारं पाणीही हळूहळू वाढतं ना? तशीच ही वीज हळुवार चढते आणि उतरते.

आता ढगाकडे येऊ. बैलगाडी चढावर आहे असं समजा. ओझं फार टाकलं तर बैल बसकण मारतो, फार कमी टाकलं तर खेप वाया जाते. पाट्यांचंही तसंच. झेपेल त्याहून जास्त वीज ओढली तर त्यांचा दाब कोसळतो. म्हणून डबा सारखा चाचपत असतो. थोडं जास्त ओढून बघतो, थोडं कमी ओढून बघतो, आणि सर्वात जास्त वीज जिथे मिळते तिथे थांबतो. ढग आला की तो टाळ्यांचा वेग उतरवतो, पन्नासवरून पंचेचाळीस, चाळीस. मोटार हळू होते, आवाज जाड होतो. इथे एक मेख आहे. नुसता वेग कमी करून व्होल्टेज तेवढंच ठेवलं, तर वेटोळ्यांत भलताच प्रवाह जाऊन ती तापतील. म्हणून वेग चार-पंचमांश, तर व्होल्टेजही चार-पंचमांश. पंपाचा हिशेब तर आणखी गमतीचा आहे. वेग निम्मा केला की शक्ती एक-अष्टमांश पुरते, पण पाणी चढवण्याची उंचीही पाव होते. त्यामुळे दाट ढगात मोटार गुणगुणते आणि फवारा मात्र मान टाकतो.

(डबा उघडून पाहायचा मोह आवरा बरं का! बंद केल्यावरही त्याच्यात काही मिनिटं वीज साठून असते.)

असे डबे लहानच असतात असं मात्र नाही. १९९९ पासून चंद्रपूरहून ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्यापर्यंत, सुमारे साडेसातशे किलोमीटर, वीज एकाच दिशेच्या रूपात जाते आणि पडघ्याला तिची थ्री फेज होते. ती व्यवस्था १५०० मेगावॉटची आहे!

हे सगळं ऐकून एक मुलगी उठली. "सर, माह्या मामाच्या घरी शेगावले छतावर सोलर हाय. तरी लाईन गेली का पंखे बंद. ऊन तर कडक असते! मंग सोलर कायले लावलं?"

वावरातला डबा स्वतःच ताल धरतो. छतावरचा मात्र खांबावरच्या लाईनचा ताल ऐकून त्यात आपली टाळी मिसळतो, आणि उरलेली वीज लाईनवर पाठवतो. लाईन गेली आणि तो चालूच राहिला, तर ती वीज तारेवर येईल. लाईन बंद आहे असं समजून खांबावर चढलेल्या माणसाचं काय होईल? म्हणून ताल हरवला की दोन सेकंदांच्या आत त्याने गप्प व्हायचं, असा नियमच आहे.

वर्गातल्या एकीचे बाबा वायरमन आहेत. ती आतापर्यंत गप्प होती. म्हणाली, "मंग राहू द्या मामाचे पंखे बंद."

"बॅटरी लावली तं?" भाची काही हटेना. मी म्हटलं, चालेल. पण डबा त्या प्रकारचा पाहिजे. तो आधी घराचं खांबाशी असलेलं नातं तोडतो आणि मगच घरापुरती वीज देतो.

"आधी तोडते ना, सर? नक्की?" वायरमनच्या मुलीने विचारलं.

"आधी," मी म्हणालो.