दावणीची मोजदाद होते, बाईच्या श्रमांची का नाही?

दुष्काळात जनावरे कोणी वाचवली? सरकारी कागदाला विचारा. तो सांगेल : शासनाच्या अनुदानाने, छावणी चालवणाऱ्या संस्थेने आणि सातबाऱ्यावर नाव असलेल्या शेतकऱ्याने. या उत्तरात बाई कुठेच नाही.

म्हसवडचेच पाहू. 2012 च्या दुष्काळात एक शेतकरी बाई माणदेशी महिला बँकेत सोने गहाण ठेवायला आली. लग्नासाठी नाही, दवाखान्यासाठी नाही, तर चाऱ्यासाठी. 1997 मध्ये सुरू झालेल्या या बायकांच्या बँकेच्या संस्थापक चेतना सिन्हा यांनी ही हकिकत जाहीरपणे सांगितली आहे. तिथूनच म्हसवडच्या छावणीचा विचार पुढे आला. ती छावणी 18 महिने चालली. 2019 मध्ये माणदेशी फाउंडेशनला ती पुन्हा उघडावी लागली. म्हणजे जनावरांचा प्रश्न आधी ओळखला तो बाईने, आणि पहिली किंमत मोजली तीही तिच्याच अंगावरच्या सोन्याने.

2019 मध्ये शासनाने मोठ्या जनावरामागे रोज 70 रुपये दिले, पुढे 90 आणि 100 केले. हा पैसा चारा-पाण्याचा. पण चारा वाहून नेणे, कुट्टी घालणे, पाणी पाजणे, शेण काढणे, रात्री व्यालेल्या गाईजवळ बसणे, या श्रमांचा दर किती? शून्य. 1972 च्या दुष्काळात बायकांनी खडी फोडली. त्यातून आलेल्या रोजगार हमीने, 1977 च्या कायद्याने, खडी फोडण्याला निदान काम म्हटले, मजुरी दिली. तीच बाई छावणीत दिवसभर राबली तर ते काम नाही, ते ‘घरचंच’!

शेळीचेही तसेच. भूमिहीन, एकट्या बाईची खरी मालमत्ता म्हणजे दोन-चार शेळ्या. पण छावण्या सुरू झाल्या त्या गाई-बैलांच्या हिशेबाने. शेळ्या-मेंढ्यांची आठवण झाली तोवर उन्हाळा डोक्यावर आला होता.

2015 पासून राज्यात बैलांच्या कत्तलीलाही बंदी आहे. म्हातारे खिलार विकायचे कुठे? ते दावणीलाच राहते आणि त्याचे वैरण-पाणी बाईच्या माथी येते. सप्टेंबर 2024 मध्ये शासनाने देशी गाईला ‘राज्यमाता’ म्हटले आणि गोशाळांना गाईमागे रोज 50 रुपये जाहीर केले. गोशाळेत गाय सांभाळली की ती सेवा, अनुदानाला पात्र. तीच गाय माणदेशातल्या बाईने सांभाळली की तिचे कर्तव्य. हा कुठला न्याय?

कोणी म्हणेल, “जनावर वाचलं, घर वाचलं, मग बाईचा वेगळा हिशेब कशाला?” तर विचारा : दूध डेअरीचे पासबुक कोणाच्या नावावर? बैल विकायचा की ठेवायचा, हे कोण ठरवते? घर एक असेल, तर मालकीही एक होऊ द्या.

मैत्रिणींनो, पुढचा दुष्काळ येणारच आहे. त्याआधी ग्रामसभेत मागू या : छावणीच्या नोंदीत पती-पत्नी दोघांची नावे, एकल बाईची स्वतंत्र नोंद, शेळ्या-मेंढ्यांना पहिल्या दिवसापासून जागा, बायकांसाठी संडास, न्हाणी, दिवे, देखरेख समितीत निम्म्या बायका, आणि छावणीतल्या श्रमाला मजुरी.

ही दया नव्हे. केलेल्या कामाचा हा दाम आहे.