गाडीने सुस्कारा सोडला

डोंबिवली स्थानकात लोकल थांबली की ब्रेकमधली हवा सुटते. तो आवाज ऐकून शेजारची दुसरीतली मुलगी म्हणाली, ‘गाडी दमली, सुस्कारा सोडला तिने.’ अलंकार शिकवायला यापेक्षा चांगली सुरुवात कोणती? आपण मात्र मुलांना आधी व्याख्या पाठ करायला लावतो: उपमेय, उपमान, साधर्म्य, साम्यवाचक शब्द. मग उदाहरणात मुख आणि कमळ. कल्याण-डोंबिवलीतल्या किती मुलांनी तळ्यात उमललेलं कमळ जवळून पाहिलंय? ज्या वस्तूचा मुलांना अनुभवच नाही, तिच्याशी दुसऱ्या कशाचं साम्य ती शोधणार कसं? बहिणाबाई चौधरींना (१८८०–१९५१) लिहितावाचता येत नव्हतं. त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली १९५२ साली, त्यांच्या पश्चात. शेत, जातं, चूल, पाखरं, रोज हाताखालून आणि डोळ्यांसमोरून जाणाऱ्या या गोष्टींतूनच त्यांना उपमा सुचल्या. लहान मुलांनाही तिथूनच न्यायला हवं. गाडीतून मुंब्र्याचा डोंगर दिसला की विचारावं, ‘हा कशासारखा दिसतो?’ उत्तर ‘झोपलेल्या हत्तीसारखा’ आलं, तर लगेच शाबासकी देऊन थांबू नये. हत्तीसारखा म्हणजे नेमका कशाने? रंगाने, पाठीच्या उंचवट्याने, की हलत नाही म्हणून? हा दुसरा प्रश्न फार मोलाचा, कारण साधर्म्य मुलाला तिथेच स्वतः सापडतं. मग ‘सारखा’ काढून नुसतं म्हणून बघायचं: मुंब्र्याचा हत्ती आला, आता ठाणं जवळ. झालं रूपक. ‘जणू’ घालून तिसरा खेळ. पारिभाषिक नावं नववी-दहावीत येऊ देत.