रिपोर्टवरचा 'नॉर्मल' आकडा येतो कुठून?

"डॉक्टर, थायरॉइड वाढलाय!" असं म्हणत पेशंट रिपोर्ट टेबलावर ठेवतात. बऱ्याचदा त्यावर टीएसएच ४.६ किंवा ४.९ असतं, शेजारी जाड ठशात 'हाय' आणि पुढे ०.४ ते ४.२ अशी नॉर्मल मर्यादा. तोवर गूगल पाहून झालेलं असतं, शेजारच्या काकूंची गोळी किती पॉवरची तेही विचारून झालेलं असतं. अशा एकाच आकड्यावरून आयुष्यभराची गोळी सुरू करण्याची घाई मला पटत नाही. का, ते सांगायला थोडं गणित लागेल. घाबरू नका, परीक्षा नाही.

नॉर्मल मर्यादा म्हणजे साधारणपणे निरोगी लोकांमध्ये सापडणाऱ्या आकड्यांपैकी मधले ९५ टक्के. उंचीसारख्या गोष्टीत हे सोपं आहे. बहुतेक लोक मध्ये, थोडे बुटके, जवळपास तेवढेच उंच. सरासरी काढायची, आकडे किती विखुरलेत ते मोजायचं आणि दोन्ही बाजूंना सारखं अंतर सोडून रेषा मारायच्या.

रक्तातले बरेच घटक मात्र असे समजूतदार नसतात. समजा, पाच जणांचे ट्रायग्लिसराइड ६०, ९०, ११०, १४० आणि ६०० आले. सरासरी २००. पण पाचांपैकी चौघे तर २०० च्या खालीच आहेत! एकट्या ६०० वाल्याने सगळ्यांची सरासरी ओढून नेली. उंचीची पद्धत इथे लावली तर खालची मर्यादा चक्क उणे २५० येते. रक्तात उणे चरबी असलेला माणूस मी तरी अजून पाहिलेला नाही.

इथे कामाला येतो लॉग. बारावी सायन्सवाल्यांना ती लॉग टेबलं आठवत असतील. १०, १००, १००० यांचे लॉग १, २, ३. म्हणजे दहापट वाढ झाली की लॉग फक्त एक पायरी चढतो. त्यामुळे लांब गेलेले आकडे जवळ येतात. आपल्या पाच आकड्यांचे लॉग घेऊन सरासरी काढली आणि परत मूळ आकड्यात आलो, तर उत्तर १३८ च्या आसपास येतं. ही हातचलाखी वाटते, पण कुणाचाही आकडा वगळलेला नाही आणि कुणाचा क्रमांकही बदललेला नाही. हे घटक शरीरात बेरीज-वजाबाकीने कमी आणि दुप्पट-निमपट असे जास्त बदलतात, म्हणून ही पट्टी त्यांना शोभते.

टीएसएच याचं उत्तम उदाहरण. अमेरिकेत १९८८ ते १९९४ मध्ये झालेल्या मोठ्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत थायरॉइडचा त्रास नसलेल्यांचा मधला आकडा १.४ च्या आसपास होता आणि मर्यादा ०.४५ ते ४.१२. वजाबाकी केली तर मर्यादा एका बाजूला कललेली दिसते. भागाकार करून बघा: खाली सुमारे तिप्पट, वरही सुमारे तिप्पट!

म्हणून टीएसएच पटीत वाचा. ४० चे ४२ झाले, तर काही विशेष घडलं नाही. २ चे ४ झाले, तर दुप्पट झालं. आणि ४.९ हे ४.२ च्या सव्वापटही नाही. एवढा फरक एकाच माणसात दिवसाच्या वेगवेगळ्या वेळीही पडू शकतो. शिवाय मर्यादा अगदी बरोबर आखली, तरी दर ४० निरोगी लोकांमागे एखादा वरच्या रेषेपलीकडे जाणारच. ती रेषा आखलीच तशी आहे.

पण यावरून "सगळ्याच मर्यादा गणिताचा खेळ" असा सुतावरून स्वर्ग गाठू नका. ट्रायग्लिसराइडची १५० ची रेषा हृदयविकाराच्या धोक्याचा विचार करून ठरवलेली आहे. लोकांच्या सरासरीवर सोडली असती, तर अख्खं गाव जिलेबी खाऊन बसलं की गावाचं 'नॉर्मल'ही वर सरकलं असतं. त्या ६०० वाल्याचा लॉग कितीही छोटा दिसो, त्याच्या स्वादुपिंडाला असलेला धोका छोटा होत नाही. त्याला लगेच उपचार हवेत.

माझी तक्रार लॅबच्या रिपोर्टबद्दल आहे. नवीन मर्यादा ठरवायला किमान १२० निरोगी लोक तपासावेत असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. अनेक लॅब त्याऐवजी किटसोबत आलेल्या कागदावरचीच मर्यादा छापतात. हरकत नाही, पण ती कुठल्या लोकांवरून, कुठल्या वयाच्या लोकांवरून आली, ही एक ओळ तरी छापा ना! 'हाय' छापायला जागा आहे, मग यालाही होईल.

टीएसएच ४.९ आणि विशेष त्रास नाही, तर मी दोन-तीन महिन्यांनी, शक्यतो सकाळी त्याच वेळेला, फ्री टी-४ सोबत तपासणी पुन्हा करायला सांगतो. गरोदर स्त्रिया, गर्भधारणेचा विचार करणाऱ्या स्त्रिया आणि लहान मुलं यांचा हिशोब वेगळा, त्यांनी थांबू नये. आणि आधीपासून गोळी चालू असेल, तर हा लेख वाचून ती बंद करू नका. पुढच्या भेटीत गोळी सुरू होण्याआधीचा रिपोर्ट तेवढा घेऊन या.